वरच्या मजल्यावरचे भाडेकरू

'चालतं' हा मराठी भाषेतला सगळ्यांत धोकादायक शब्द आहे, असे माझे हल्ली ठाम मत झाले आहे. पूर्वी तसे नव्हते. उलट या एका शब्दावर माझा अर्धा संसार झालेला आहे. आमटीत चिंच नसली की आमसूल चालतं. आहेराला आपल्याकडे पडून असलेले घड्याळ चालतं, मग ते घड्याळ स्वतः चालत नसले तरी. फार काय, 'मुलगा जरा बुटका आहे' असे मध्यस्थाने सांगितल्यावर मुलीकडून 'चालतं' असे उत्तर आले, म्हणून तर मी आज विवाहित आहे. तेव्हा या शब्दाविरुद्ध लेखणी उचलताना मला थोडे कृतघ्न वाटते. पण गेल्या वर्षी याच शब्दाने आमच्या दिवाणखान्यात पाच खून आणि एक अपघाती मृत्यू घडवून आणला.

घाबरू नका. मयत सगळे मासे होते.

'हात्तिच्या, मासे होय!' असे म्हणून पान उलटण्याच्या बेतात असाल तर जरा थांबा. ते 'हात्तिच्या' हाच माझ्या तक्रारीचा विषय आहे.

त्याचे असे झाले, की आमच्या सात वर्षांच्या कन्येला कुत्रा हवा होता. सौ.ला काहीच नको होते. दोघींमध्ये तडजोड म्हणून मासे ठरले. मी काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी मावते. महिनाभर पाणी मुरवले, झाडे लावली, आणि मग माशांच्या दुकानातून बारा निऑन टेट्रा आणि चार कोरीडोरास घेऊन आलो.

'माशांचे दुकान' म्हटले की आपल्याकडे एक गैरसमज होतो. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातातली पिशवी पाहून म्हणाल्या, "काय मिळालं आज? पापलेट?"

मी पिशवी वर करून दाखवली. बोटाच्या दोन पेरांएवढे निळे-तांबडे जीव पाण्यात चमकत होते.

"अगंबाई, एवढ्याशानं काय होणार?" काकू कळवळून म्हणाल्या. "चार माणसं ना तुम्ही घरात?"

तर असे हे मासे टाकीत राहायला आले. कोरीडोरास तळाला मिशांनी वाळू उपसत बसत. निऑन मधल्या पाण्यात घोळक्याने फिरत. कन्या शाळेत जाण्यापूर्वी रोज त्यांची हजेरी घेई. एक महिना अतिशय सुखात गेला. मग घरी पाहुणे येऊ लागले.

आपल्याकडच्या पाहुण्यांचे एक वैशिष्ट्य आहे. जे आहे ते त्यांना दिसत नाही. जे नाही ते मात्र दारातूनच दिसते. टाकीसमोर उभे राहून आमचे भावजी म्हणाले, "छान आहे. पण वरती काहीच नाही?"

"वरती म्हणजे?"

"वर हो. पाण्याच्या वरच्या भागात. तळाला मासे आहेत, मध्ये मासे आहेत. वरचा मजला रिकामाच ठेवलात!"

भावजींचा सूर असा होता, की मी जणू भर शहरात एक फ्लॅट कुलूप लावून अडवून ठेवला आहे. त्यानंतर जो येई तो वरच्या मजल्याची चौकशी करू लागला. हळूहळू मलाही ती चार बोटे पाण्याची पोकळी डोळ्यांत खुपू लागली. शेवटी एका रविवारी मी दुकान गाठले.

दुकानात पंचविशीतला एक मुलगा एका हाताने मोबाईल पाहत दुसऱ्या हाताने मासे पकडत होता. मी म्हटले, "पृष्ठभागाजवळ राहणारा मासा हवाय."

"हा घ्या काका," म्हणून त्याने एक लांबट, सोनेरी मासा दाखवला. पाठ पाटासारखी सपाट, तोंड वरच्या बाजूला वळलेले. दिसायला राजबिंडा. "गोल्डन वंडर. एक नंबर मासा. वरच राहतो."

"पण घरी निऑन आहेत. त्यांच्याबरोबर चालेल का?"

"चालतं की! हा वर राहणार, ते मध्ये राहणार. संबंधच येत नाही."

हे वाक्य मी खरे मानले, याची मला आजही लाज वाटते. बावीस वर्षे मी सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो. वरच्या मजल्याचा आणि खालच्या मजल्याचा संबंध येत नाही, हे वाक्य ऐकून माझे हसू आवरायला नको होते का? वरच्यांच्या बाथरूमची ओल, वरच्यांच्या कुंड्यांचे पाणी, वरच्यांचा रात्री साडेअकराचा खलबत्ता या सगळ्यांशी संबंध जोडण्यातच माझी उमेद गेली. पण दुकानात शिरल्यावर माणसाची अक्कल बाहेर चपलांपाशी राहते.

चौथ्या दिवशी कन्येने हजेरी घेऊन सांगितले, "बाबा, अकरा."

"झाडामागे असेल एखादा."

सहाव्या दिवशी दहा. नवव्या दिवशी आठ. "पाण्यात विरघळतात की काय हे?" सौ.ने विचारले. त्या संध्याकाळी मी खुर्ची टाकून टाकीसमोर बसलो. खाण्याची चिमूट पाण्यावर टाकली. वरून पडणारा चुरा टिपायला निऑन नेहमीप्रमाणे वर आले. कोपऱ्यात आमचा राजबिंडा वाळक्या पानासारखा निश्चल तरंगत होता. पुढचे मला नीट दिसलेसुद्धा नाही. एक झटका, आणि निऑन सात.

म्हणजे संबंध येत होता. रोज दोन वेळा, जेवणाच्या वेळी येत होता.

मी त्या माशाला पिशवीत घालून दुकानात गेलो. सगळी हकीकत ऐकून मुलगा शांतपणे म्हणाला, "तो खातोच ना काका छोट्या माशांना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं चालतं का. त्याचं तर छानच चाललं होतं."

यावर काय बोलणार? पण घरी येताना बसमध्ये मला एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. 'वर राहतो' हा माशाचा पत्ता झाला. पत्ता म्हणजे स्वभाव नव्हे. दुकानदाराने मला पत्ता सांगितला आणि मी तो शिफारस म्हणून घेतला. नुसत्या पत्त्यावर मुलगी देणारा बाप आपण पाहिला आहे का? 'मुलगा काय करतो?' 'तिसऱ्या मजल्यावर राहतो.' 'वा, मग काढा मुहूर्त!' असे कुठे झाल्याचे ऐकले नाही. पण फिशटँकच्या बाबतीत आपण सगळे हेच करतो. तळाला एक, मध्ये एक, वर एक. मजले भरले की समाज झाला!

वर राहणारा मासा म्हणजे काय, हे मग मी वाचू लागलो. त्याची ठेवण पाहा. तोंड वर वळलेले, पाठ सपाट, पाठीवरचा पर पुष्कळदा शेपटीकडे सरकलेला. पाण्यावर पडलेला किडा खालून अलगद उचलण्यासाठी ही सगळी रचना. इथपर्यंत सगळे वरचे मासे सारखे. पण पृष्ठभागावर राहण्याची कारणे प्रत्येकाची निराळी. कोणी वर राहतो तो शिकारीसाठी, कोणी हवेसाठी, कोणी भित्रा म्हणून. पोलिस, चोर आणि रात्रपाळीचा कामगार तिघेही रात्री दोन वाजता रस्त्यावर असतात. म्हणून त्यांना एकाच खोलीत झोपवायचे का?

आमचा गोल्डन वंडर हा शिकारी. परदेशी नाव लावून आलेला हा गृहस्थ मूळचा आपलाच. दक्षिण भारतातल्या ओढ्यांत, भातखाचरांत, विहिरींत राहणारा पँचॅक्स जातीचा मासा. सोनेरी रंग माणसाने पैदाशीतून टिकवलेला. मल्याळीत या माशांना 'मानत्तुकण्णी' म्हणतात, म्हणजे आभाळाकडे डोळा लावलेला. डोळा आभाळाकडे असला तरी लक्ष ताटाकडे असते. पूर्ण वाढला की तो दहा सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि तोंडात मावेल ते सगळे खाद्य, असा त्याचा सरळ हिशेब आहे. यात त्याचा काही दोष नाही. डासांच्या अळ्या तो मिटक्या मारीत खातो. त्याच्याच आकाराच्या दणकट माशांबरोबर गुण्यागोविंदाने राहतो. दोष त्याच्यासमोर निऑनचे ताट वाढणाऱ्याचा.

दुसरा प्रकार हवेसाठी वर येणाऱ्यांचा. फायटर आणि गुरामी हे यातले. यांच्या डोक्यात एक जादा अवयव असतो. त्याच्या जोरावर ते पृष्ठभागावर येऊन सरळ हवा घेतात. फायटरचा नर म्हणजे रेशमी उपरण्यातला तापट माणूस. त्याच्याबरोबर लांब शेपटीचे गप्पी ठेवले, की ती शेपटी म्हणजे आपला प्रतिस्पर्धीच, असे त्याच्या मनाने घेतले म्हणून समजा. दुकानदार मात्र दोघांना शेजारी शेजारी दाखवून सांगतो, "दोघं वरच राहतात. चालतं!" ड्वार्फ गुरामी त्यामानाने सोशिक. पण विणीच्या दिवसांत नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्याच्या आसपास फिरकणाऱ्याला हाकलतो. अशा वेळी फिल्टरचा धबधबा त्या घरट्यावर सोडला, तर बिचारा दिवसभर बांधतो आणि दिवसभर मोडलेले पाहतो. आमच्या रस्त्याच्या कंत्राटदारासारखी त्याची अवस्था होते. फक्त त्याला बिल मिळत नाही.

तिसरे गप्पी. ही मंडळी मूळची दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातली आणि त्रिनिदादची. नाव मिळाले ते रॉबर्ट लेचमियर गप्पी या गृहस्थांवरून. आपल्याकडे नगरपालिका डासांच्या अळ्या खायला डबक्यांत सोडतात ते हेच. स्वभावाने गरीब, खर्चाने स्वस्त. पण मादी नराशी झालेली एक भेट कित्येक महिने जपून ठेवू शकते. नंतर एकटी ठेवली तरी दर महिन्याच्या सुमारास पिल्ले देत राहते. म्हणजे वरचा मजला भरायला आणलेली जोडी वर्षाच्या आत सगळी इमारत भरते. ज्याला वाटून टाकायला नातेवाईक पुरेसे नाहीत, त्याने फक्त नर आणावेत.

आणि चौथा प्रकार भित्र्यांचा. इथे माझी दुसरी आणि मोठी चूक सांगायला हवी.

पँचॅक्स परत घेऊन त्या मुलाने मला बदली मासे दिले: तीन हॅचेटफिश. कुऱ्हाडीच्या पात्यासारखे चपटे, रुपेरी, छाती पुढे आलेली. "हे कुणालाच काही करत नाहीत," तो म्हणाला. या खेपेला मी सावध होतो. मी तोंड पाहिले. एवढेसे होते. निऑन त्यात मावणे शक्य नव्हते. शेवटचा प्रश्न म्हणून मी विचारले, "तीन चालतात का?"

"चालतं की. छान दिसतात."

आणि खरोखरच ते कुणाला काही करीत नव्हते. दक्षिण अमेरिकेतल्या संथ, सावलीतल्या ओढ्यांत राहणारे ते मासे. निदान सहा-आठ जण सोबत असतील तर त्यांना धीर असतो. पाण्यावर तरंगती पाने हवीत, म्हणजे डोक्यावर छप्पर असल्यासारखे वाटते. आणि दचकले, की ते त्या रुंद छातीच्या बळावर पाण्याबाहेर झेप घेतात. नदीत ही झेप शत्रूपासून वाचवते, कारण खाली पुन्हा नदीच असते. आमच्या टाकीवर झाकण होते, पण मागच्या बाजूला पंपाची नळी जायला दोन बोटांची फट ठेवली होती. ती दोन बोटांची फट मी रोज पाहत होतो.

एका सकाळी हजेरीत तीनाचे दोन झाले. निऑन सातच होते. कोणी कोणाला खाल्ले नव्हते. दोन दिवसांनी कन्येचा चेंडू पुस्तकांच्या कपाटामागे गेला आणि तो काढताना तिला तो सापडला. पुस्तकात ठेवलेले पिंपळाचे पान जाळीदार होते ना, तसा वाळून गेलेला. तिने तो तळहातावर घेऊन मला दाखवला. रडली नाही. नुसते विचारले, "बाबा, त्याने उडी का मारली?"

त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्र मागायला आले होते. ते लगबगीने पुढे झाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट नाही वाटून घ्यायचं बेटा. घरावर काहीतरी संकट येणार होतं. ते त्यानं आपल्या अंगावर घेतलं. शुभ असतं हे."

वाचकहो, हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. कदाचित म्हटलेही असेल. फिशटँक विकणाऱ्यांना आणि ठेवणाऱ्यांना याच्याइतके सोयीचे तत्त्वज्ञान जगात दुसरे नाही. फिल्टर बंद पडला, मासा मेला: संकट टळले. एकदम सगळे पाणी बदलले, मासे मेले: मोठे संकट टळले. सोनमासा काचेच्या वाडग्यात गुदमरून गेला: घराला दृष्ट लागली होती, ती गेली. जितका आपला हलगर्जीपणा जास्त, तितके घर सुरक्षित! या हिशेबाने ज्याच्या टाकीत आठवड्याला मासे मरतात, त्याने विम्याचे हप्ते भरणेच बंद करावे.

मी त्या रात्री बसून खरोखर विचार केला, की आमच्यावर कोणते संकट येणार होते. फ्रिजचा गॅस गेला होता. तो दुरुस्त झाला, पैसे गेले. सौ.ची आत्या पंधरा दिवस राहायला येणार होती; ती आली. एकही संकट त्या माशाने अडवले नाही. त्याच्यावर मात्र एक संकट आले होते, आणि ते संकट मी होतो. मी त्याला विचारपूस न करता आणला, सोबत कमी दिली, डोक्यावर आडोसा दिला नाही आणि मागे फट ठेवली. काकांचे वाक्य माझ्याही ओठांवर आले होते, हे कबूल करतो. मुलीची समजूत निघाली असती आणि माझीही सुटका झाली असती. पण मी तिला सांगितले, "त्याला भीती वाटली म्हणून. आणि फट मी बुजवली नव्हती म्हणून."

"मग बुजव," ती म्हणाली.

काका मात्र दुखावले गेले. वर्तमानपत्र न नेताच गेले.

या विषयावर मी अलीकडे जरा चढ्या आवाजात बोलतो, त्यामुळे विरोधकही पुष्कळ झाले आहेत. त्यांचा पहिला मुद्दा: "अहो, केवढ्याचा मासा तो! दुसरा आणा." स्वस्त आहे म्हणून मेला तरी चालतं, हा न्याय लावायचा तर आपल्यापैकी पुष्कळांची मुदत कधीच संपली असती. दुसरा मुद्दा आमच्या मालवणी मेहुण्याने काढला, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. बुधवारी बांगड्याचे कालवण ओरपता ओरपता तो म्हणाला, "भावोजी, ताटातल्या माशासाठी डोळ्यांत टिपूस नाही, आणि टाकीतल्या माशासाठी एवढं सुतक?"

मी एक काटा काढून बाजूला ठेवला आणि म्हटले, "अरे, बांगडा मी जेवायला आणला. तो मासा मी राहायला आणला होता."

माझे म्हणणे एवढेच आहे. राहायला आणलेल्याची जबाबदारी वेगळी. त्याला भूक लागली तर दुसरीकडे जाता येत नाही, शेजारी पटला नाही तर घर बदलता येत नाही, सोसायटीकडे तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने घर पाहणारे, पत्रिका पाहणारे, शेजारी निवडणारे आपणच. आपण ते पाहत नाही आणि मग 'टिकला नाही' म्हणतो. टिकायला तो काय रंग आहे?

आता तुम्ही म्हणाल, नुसते ओरडू नका, करायचे काय ते सांगा. सांगतो. दुकानात 'चालतं का' हा प्रश्न विचारूच नका. त्याला 'चालतं' हे एकच उत्तर असते. त्याऐवजी पाच प्रश्न विचारा. पूर्ण वाढल्यावर तो केवढा होतो? त्याच्या तोंडात माझ्या टाकीतले कोण मावेल? एकटा राहतो, जोडीने की घोळक्याने? कोणाचे लांब पर दिसले तर कुरतडतो का? उडी मारतो का? या शेवटच्या प्रश्नाला कोणी 'नाही' म्हटले तरी झाकण लावाच. वर राहणाऱ्या माशाला घराबाहेर पडायला एक झेप पुरते.

आणखी एक हिशेब करायचा, तो पाटाचा. पृष्ठभागावर राहणाऱ्याला टाकीच्या उंचीचा फारसा उपयोग नाही. तुम्ही एक फूट उंचीऐवजी दोन फूट उंचीची टाकी आणली, तर पाणी दुप्पट झाले, पण वरचा मजला तेवढाच राहिला. आमच्या टाकीचा पृष्ठभाग दोन फूट गुणिले एक फूट, म्हणजे जेवायला बसायच्या एका पाटाएवढा. एका पाटावर किती वेगवेगळ्या घराण्यांची पंगत बसवणार? म्हणून वर एकच जात ठेवावी. गुरामी हवा तर शांत पाण्यात एक जोडी. हॅचेट हवे तर मोठा घोळका, तरंगती झाडे, घट्ट झाकण आणि पाण्यावर तरंगणारे खाणे; बुडालेल्या घासामागे ते जात नाहीत. दोन्ही एकदम हवे असतील तर दुसरी टाकी घ्यावी आणि ती कुठे ठेवायची हे सौ.ना विचारावे. तो बेत तिथेच संपतो.

आणि काहीच ठेवले नाही तर? तरीही काही बिघडत नाही, हे मला भावजींना एकदा ओरडून सांगायचे आहे. पृष्ठभाग रिकामा नसतोच. टाकीतल्या पाण्यात प्राणवायू शिरतो तो तिथूनच. हवेचा पंप लावतो त्याचे मुख्य काम शोभेचे बुडबुडे सोडणे हे नसून तो पृष्ठभाग हलता ठेवणे हे आहे. घराची खिडकी रिकामी दिसते म्हणून कोणी तिच्यात कपाट बसवत नाही.

आमच्या टाकीत वर सध्या आठ झेब्रा दानिओ आहेत. (उरलेले दोन हॅचेट एका मित्राच्या मोठ्या टाकीत दहाजणांच्या घोळक्यात दिले. तिथे फट नाही, हे मी स्वतः बोट घालून पाहिले.) झेब्रा म्हणजे आपल्या गंगेच्या प्रदेशातला, ओढ्याच्या आणि भातखाचराच्या काठचा साधा पट्ट्यापट्ट्यांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या माशांवर १८२२ साली पुस्तक छापले, त्यात याची नोंद आहे. ड्वार्फ गुरामीचीही त्याच पुस्तकात आहे. वरच्या आणि मधल्या पाण्यात तो दिवसभर धावत असतो, म्हणून टाकी लांब हवी. दोन-तीनच ठेवले तर एकमेकांच्या मागे लागतात. सहा-आठ ठेवले की भांडण आपसात वाटले जाते आणि कोणाच्याच वाट्याला फार येत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत सदस्य वाढवण्यामागे हेच तत्त्व असावे. फक्त फायटरसारख्या संथ, झुलत्या परांच्या माशाबरोबर त्यांना ठेवू नये. धावपळीने त्याला बेजार करतात आणि पर कुरतडतात.

पाहुणे आता म्हणतात, "साधेच आणलेत हो." मग मी त्यांना ऐकवतो, की जगभरच्या प्रयोगशाळांत हा साधा मासा माणसाच्या आजारांच्या अभ्यासासाठी पाळतात, आणि माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक सापडते, असे २०१३ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आहे. ७० टक्के म्हणजे छत्तीसपैकी पंचवीस गुण! सौ.चे आणि माझे एकोणीस जुळले होते.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. रुसवा गेला होता. कोणीतरी त्यांना ईशान्येला फिशटँक ठेवायला सांगितले होते. मी काही बोललो नाही. एका कागदावर ते पाच प्रश्न लिहून दिले आणि म्हटले, "मासे घेण्याआधी एवढं विचारा."

तासाभराने काका रिकाम्या हाताने परत आले. चेहरा लाल झाला होता.

"काय झालं?"

"पहिलाच प्रश्न विचारला. म्हटलं, पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो? तर तो कार्टा मला म्हणतो, 'काका, काळजी करू नका, तुमच्याकडे तो तेवढा जगणारच नाही!'"

काका बराच वेळ धुमसत होते. मग टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. "तुझे किती आहेत म्हणालास?"

"आठ," आतून कन्या ओरडली. तिची हजेरी झाली होती.